हेडचे काम झाल्यानंतरही कूलंट कमी होत आहे. हेड पुन्हा उघडावे का?

घाटकरी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालचा, बीएस-३ मानकाचा दहा चाकी ट्रक आहे. इंजिन सहा सिलिंडरचे, टर्बोचे आणि वेट लायनरचे (सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळ्या थेट कूलंटमध्ये बसलेल्या असतात असे) आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि कोणती गाडी चांगली यावरच चर्चा रंगते. गाडी प्रामुख्याने लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतून माल भरून चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण या वाटेने कऱ्हाडला जाते आणि परतताना साखर किंवा मिळेल तो माल घेऊन त्याच घाटाने खाली उतरते.

उन्हाळ्यात इंजिन गरम होऊन हेड गॅस्केट (सिलिंडरवरचे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधला सांधा घट्ट ठेवणारा थर) गेले. कॉम्प्रेशनही उतरलेले होतेच, म्हणून पूर्ण इंजिन बांधून घेतले. लायनर, पिस्टन, रिंग, बेअरिंग, हेड गॅस्केट आणि वॉटर पंपाचे किट नवे टाकले, हेड लेथवर पाठवून फेस करून आणले आणि सगळे उघडलेच आहे म्हणून एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरलाही नवे किट बसवून घेतले. इंजिनचा आवाज, ओढ आणि ऑइलचा दाब यांबद्दल आता काहीही तक्रार नाही.

तक्रार एवढीच आहे की कूलंट कमी होते. एका फेरीत लिटर-दीड लिटर भरावे लागते. सकाळी गाडी लावलेल्या जागी रेडिएटरच्या खालच्या अंगाला चार-सहा थेंब पडलेले दिसतात, परंतु तेवढ्याने लिटरभर कूलंट जाईल असे वाटत नाही. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ आहे, ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरी साय धरलेली नाही आणि धूरही पांढरा नाही. भरलेल्या मालासह घाट चढताना तापमानाचा काटा जागचा हलत नाही. मात्र परतीच्या वेळी घाट उतरून खाली आलो की कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीचे झाकण आणि आजूबाजूची जागा ओली झालेली असते. रात्रभर गाडी उभी राहिल्यानंतर सकाळीही वरचा होज पाइप दाबून पाहिला तर तो थोडा फुगलेला लागतो.

मिस्त्रींचे म्हणणे आहे की हेड गॅस्केट नीट बसलेले नाही, हेड पुन्हा उघडावे लागेल. त्यांचा स्वभाव सरळ आहे आणि मजुरी घेणार नाही असेही ते म्हणतात; परंतु नवे गॅस्केट, कूलंट आणि गाडी उभी राहिल्याचे नुकसान माझेच होणार. हेड उघडण्यापूर्वी दुसरे काय काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाटणचा पाहुणा

आमच्याकडे जुने चालक अशा वेळी रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकतात आणि गळती बंद होते. बाजारात तयार पावडरही मिळते. हेड उघडण्याआधी एवढा स्वस्तातला उपाय करून पाहण्यास काय हरकत आहे?

निवृत्त फोरमन

हरकत आहे, म्हणूनच सर्वप्रथम त्यावर लिहितो. हळद काय किंवा पावडर काय, दोन्हींचे काम एकच असते: बारीक कण पाण्याबरोबर फिरतात आणि जिथे वाट अरुंद असेल तिथे अडकतात. ते भोकात जेवढे अडकतात तेवढेच रेडिएटरच्या नळ्यांत आणि ऑइल कूलरच्या पातळ वाटांतही अडकतात. अडलेल्या गाडीला रानातून गावापर्यंत आणण्यासाठी चालकाने हळद टाकली तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु नुकत्याच बांधलेल्या, स्वच्छ धुतलेल्या इंजिनात ती टाकणे म्हणजे दुखणे कोणते हे कळण्याआधीच त्याच्या खुणा पुसून टाकणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. काम झालेल्या इंजिनातून पाणी जाते अशी तक्रार आली की आम्ही प्रथम दोनच गोष्टी विचारत असू: कुठे कुठे हात लागला आहे, आणि पाणी नेमके कधी जाते. आपण या दोन्हींची उत्तरे आपल्या प्रश्नातच दिलेली आहेत आणि मला वाटते की आपल्या मिस्त्रींनी दुसऱ्या उत्तराकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

हेड गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असेल तर तो सर्वाधिक केव्हा शिरेल? सिलिंडरमध्ये दाब सर्वांत जास्त असेल तेव्हा, म्हणजे भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढत असताना, टर्बो पूर्ण हवा देत असताना. अशा गाडीची टाकी चढावरच उसळते, काटा वर जातो आणि घाटमाथ्यावर पोहोचण्याआधीच चालक बाजूला घेऊन उभा राहतो. आपली गाडी याच्या नेमकी उलट वागते. चढावर शांत असते आणि उतारावर पाणी टाकते. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय निघालेला असतो, पंप डिझेल जवळजवळ देतच नाही, त्यामुळे ज्वलनाचा दाब नसल्यातच जमा असतो. मग उतारावर असे काय असते जे चढावर नसते? ब्रेक! पायाचा ब्रेक वारंवार लागतो, टाक्यांतली हवा खर्च होते आणि ती भरून काढण्यासाठी एअर कॉम्प्रेसर सतत भारावर चालतो.

आपल्या कॉम्प्रेसरला इंजिनचेच पाणी थंड करते. त्याच्या हेडला दोन बारीक नळ्या आलेल्या दिसतील, एकीतून कूलंट आत जाते आणि दुसरीतून बाहेर येते. त्या हेडखालचे किंवा वॉल्व्ह प्लेटचे गॅस्केट नीट बसलेले नसेल, किंवा हेडलाच बारीक चीर असेल, तर कॉम्प्रेसरची हवा थेट कूलंटमध्ये शिरते. ब्रेकच्या हवेचा दाब ७-८ बार असतो आणि रेडिएटरचे झाकण जेमतेम एक बारच्या आसपास उघडते. तेव्हा ही हवा पाण्याला झाकणातून बाहेर ढकलणारच. लक्षणे हुबेहूब हेड गॅस्केटसारखी दिसतात: होज फुगलेला, टाकीत बुडबुडे, पाणी बाहेर आणि ऑइल मात्र स्वच्छ. या एका कारणापायी विनाकारण उघडली गेलेली हेडे मी पुष्कळ पाहिली आहेत.

खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीचे झाकण काढावे. कूलंट खुणेपर्यंत भरावे. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना ओट (लाकडाचा किंवा दगडाचा अडसर) लावावी, कारण पार्किंग ब्रेकच्या हवेशीही आपण खेळणार आहोत. सर्व एअर टाक्यांचे ड्रेन वॉल्व्ह ओढून हवा रिकामी करावी. मग इंजिन सुरू करून टाकीच्या तोंडाकडे पाहत राहावे. पहिली काही मिनिटे अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतील, ते सोडून द्यावेत. त्यानंतरही बुडबुडे एकसारखे येत राहिले तर दाबाच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवावा. हवा पूर्ण भरली की अनलोडर वॉल्व्ह ‘फुस्स’ करून उघडतो, हा आवाज प्रत्येक चालकाच्या ओळखीचा असतो. त्या क्षणी कॉम्प्रेसरवरचा भार उतरतो. बुडबुडे त्याच क्षणी थांबले किंवा स्पष्टपणे कमी झाले, आणि कोणीतरी केबिनमध्ये बसून ब्रेकचे पॅडल अनेकदा दाबल्यावर पुन्हा सुरू झाले, तर दोष कॉम्प्रेसरमध्ये आहे. हेड गॅस्केटला अनलोडरशी काही देणेघेणे नसते. त्याचे बुडबुडे ‘फुस्स’ झाल्यावरही तसेच येत राहतील.

आणखी एक खूण पाहावी. इंजिन बंद झाल्यावर कूलंटमध्ये दाब शिल्लक असतो आणि कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये नसतो. अशा वेळी उलट दिशेने कूलंट कॉम्प्रेसरमध्ये उतरते आणि पुढे हवेबरोबर ब्रेकच्या एअर टाकीत जाते. म्हणून पहिल्या टाकीचा ड्रेन ओढताना खाली पांढरा स्वच्छ रुमाल किंवा फडके धरावे. हवेच्या टाकीतून थोडे पाणी आणि ऑइलचा अंश निघणे नेहमीचेच आहे, विशेषतः कोकणच्या दमट हवेत. परंतु फडक्यावर हिरवा किंवा गुलाबी रंग उमटला तर तो कूलंटचाच.

सकाळच्या चार-सहा थेंबांबद्दल थोडक्यात: ती बहुधा थंड गळती आहे. नवा होज दोन-चारदा तापून निवला की रबर थोडे बसते आणि क्लिप सैल पडते. रात्री धातू आणि रबर आकसले की थेंब पडतात, इंजिन तापले की सांधा आपोआप बंद होतो. इंजिन थंड असताना क्लिप आवळून घ्यावी. होज ज्या तोंडावर चढतो तेथे जुन्या रबराचा पापुद्रा किंवा गंज राहिला असेल तर कितीही आवळले तरी उपयोग होत नाही, तो पॉलिश पेपरने साफ करून मगच होज चढवावा.

बोअरवाला

फोरमन साहेबांचा तर्क मला पटतो, परंतु मी मशीन शॉप चालवतो आणि माझ्या बाजूने थोडे वेगळे सांगतो. कॉम्प्रेसरच दोषी निघाला तरी इंजिनच्या कामाची चौकशी करणे सोडू नये, कारण एकाच वेळी दोन गळत्या असणे मुळीच दुर्मीळ नाही आणि वेट लायनरच्या इंजिनात जी गळती सर्वांत घातक असते ती बाहेरून दिसतच नाही.

वेट लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागलेले असते. वरच्या बाजूला लायनरचा कॉलर ब्लॉकच्या खाचेत बसतो आणि खालच्या बाजूला रबराच्या रिंगा पाणी अडवतात. कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागाहून किंचित वर राहिला पाहिजे, तरच हेड आवळल्यावर गॅस्केट त्याच्याभोवती घट्ट दाबले जाते. ही उंची बहुतेक इंजिनांत ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या दरम्यान, आमच्या भाषेत दोन ते सहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते. नेमका आकडा त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की शेजारच्या दोन लायनरमध्ये फरक फारसा असता कामा नये. एक लायनर दोन थाऊ वर आणि त्याच्या शेजारचा ब्लॉकच्या बरोबरीने, असे झाले तर हेड कितीही सपाट केलेले असले आणि बोल्ट आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, कितीही अचूक दिलेला असला तरी खालच्या लायनरवर गॅस्केट सैलच राहणार. म्हणून आपल्या मिस्त्रींना विचारावे की लायनर बसवल्यावर डायल गेज लावून सहाही ठिकाणच्या उंच्या मोजल्या होत्या का, आणि मोजल्या असतील तर त्या कुठे लिहून ठेवल्या आहेत का. ‘हाताने चाचपून पाहिले’ हे उत्तर मी मोजमाप धरत नाही. थाऊ बोटाला कळतो असे सांगणारे कारागीर आहेत, आणि त्यांतल्या काहींना तो खरोखरच कळतोही. पण सहा लायनरचा हिशेब बोटावर ठेवता येत नाही.

दुसरा मुद्दा खालच्या रबरी रिंगांचा. या रिंगा अनेकदा अशा रबराच्या असतात की जे कूलंटमध्ये वर्षानुवर्षे टिकते, पण खनिज तेलात फुगते. मॅन्युअलमध्ये साबणाचे पाणी किंवा ठरावीक वंगण सांगितलेले असताना सवयीने इंजिन ऑइल चोपडले, तर लायनर सहज बसतो आणि त्रास नंतर सुरू होतो. रिंग चढवताना तिला पीळ पडला तरीही तोच प्रकार. रिंग खाचेत बसवल्यावर तिच्याखाली एक बोथट, गुळगुळीत सळई घालून ती लायनरभोवती एक पूर्ण फेरा फिरवायची असते, म्हणजे आत राहिलेला पीळ सुटतो आणि ताण सगळीकडे सारखा होतो. दोन मिनिटांचे काम आहे आणि घाईत नेमके तेच राहते. काही ब्लॉकमध्ये दोन रिंगांच्या मधल्या जागेतून बाहेर येणारे एक बारीक भोक ठेवलेले असते. त्यातून कूलंट झिरपले तर वरची रिंग गेलेली, ऑइल झिरपले तर खालची. ते भोक असेल तर कृपया शोधावे. रंग मारताना ते बुजवून टाकणारे महाभागही असतात.

आपले ऑइल आज स्वच्छ आहे, हे चांगले आहे. पण डिपस्टिक तळापर्यंत जात नाही आणि पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट जपून थोडा सैल करावा. पहिल्या काही थेंबांत पाणी आले तर लायनरच्या रिंगा, ऑइल कूलर किंवा हेड, यांपैकी एक नक्की. काळे ऑइलच आले तर बोल्ट आवळून निश्चिंत व्हावे.

निवृत्त फोरमन

बोअरवाले यांनी लिहिले ते योग्यच आहे, आणि त्याच ओघात दाबाची चाचणी सांगून ठेवतो, कारण लायनर, ऑइल कूलर, ब्लॉकचे वेल्च प्लग (ब्लॉकची भोके बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) आणि होज या सर्वांचा निकाल तिथेच लागतो. हातपंप आणि घड्याळ असलेले टेस्टर टाकीच्या तोंडावर बसते. झाकणावर ०.५, ०.७ किंवा १ असा जो आकडा बारमध्ये छापलेला असतो तेवढाच दाब थंड इंजिनमध्ये भरायचा आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पडतो का ते पाहायचे. काटा पडत असेल तर टॉर्च घेऊन शोधायचे: वॉटर पंपाच्या पोटातले झिरपण्याचे भोक, थर्मोस्टॅटचे (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणाऱ्या वॉल्व्हचे) घर, ऑइल कूलरची कड, हेड आणि ब्लॉकचा सांधा, आणि सर्वांत शेवटी फायरवॉलकडच्या बाजूचे वेल्च प्लग, जिथे डोके घालायला जागाच नसते. ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत धुतला असेल तर या प्लगवर विशेष संशय घ्यावा. आतून गंजून पातळ झालेला प्लग केवळ गंजाच्या थरावर तग धरून असतो आणि धुतल्यावर तो थर निघून जातो.

बाहेर कुठेही ओल नाही आणि काटा तरीही पडतो, तर गळती आत आहे. त्या वेळी ऑइल काढून चेंबर उतरवावे, पुन्हा दाब भरावा आणि खाली पुठ्ठा अंथरून वर बघत झोपावे. कोणत्या लायनरच्या तळातून थेंब सुटतो ते डोळ्यांना दिसते आणि मग सहा लायनर काढण्याऐवजी एकच काढावा लागतो.

इथे एक कळकळीची सूचना करतो. टेस्टर नाही म्हणून गाडीच्याच एअर टाकीची नळी रेडिएटरला लावण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो कृपया कोणीही करू नये. रेडिएटर फुटतो, आणि त्या वेळी समोर माणूस असतो. टेस्टर मागून आणावे, भाड्याने घ्यावे, पण हा उद्योग नको.

काटा स्थिर राहिला तर बाहेरची गळती आणि लायनरच्या रिंगा यांवरचा संशय पुष्कळसा दूर होतो. पुष्कळसा म्हणतो, पूर्ण नाही. कारण काही चिरा फक्त गरम झाल्यावरच उघडतात.

घाटकरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मिस्त्रींना सोबत घेऊनच सर्व तपासले.

ड्रेन बोल्ट सैल केल्यावर ऑइलच आले, पाणी नाही. झाकणावर ०.७ लिहिलेले होते. तेवढा दाब भरल्यावर काटा हळूहळू पडू लागला आणि रेडिएटरच्या खालच्या होजच्या क्लिपपाशी थेंब धरलेला दिसला. होज काढला तेव्हा तोंडावर जुन्या रबराचा कडक थर चिकटलेला होता. तो घासून काढून क्लिप बदलली आणि पुन्हा दाब भरला. त्यानंतर काटा जागचा हलला नाही.

नंतर झाकण काढून इंजिन सुरू केले. सुरुवातीला हवेचे मोठे बुडबुडे आले आणि थांबले. मग दाब वाढू लागला तसे टाकीच्या तोंडापाशी मोहरीएवढ्या बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. अनलोडर ‘फुस्स’ झाला आणि माळ तुटली. चालकाने ब्रेक दाबायला सुरुवात केली, दाब उतरला, कॉम्प्रेसर पुन्हा भारावर आला आणि माळ पुन्हा सुरू झाली. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी चालकाला पुन्हा पुन्हा तेच करायला लावले आणि नंतर स्वतःच कॉम्प्रेसरच्या कूलंटच्या दोन्ही नळ्या काढून त्यांची टोके एकमेकांना जोडली. थोडाच वेळ इंजिन चालवले. हवा भरत असतानाही एकही बुडबुडा आला नाही. पहिल्या टाकीच्या ड्रेनखाली धरलेल्या फडक्यावर फिकट हिरवा डाग उमटला, तो आम्ही सर्वांनी पाहिला.

कॉम्प्रेसरचे हेड उघडल्यावर कारणही दिसले. किटमधले गॅस्केट नवेच होते, परंतु वॉल्व्ह प्लेटच्या खालच्या बाजूला जुन्या गॅस्केटचा नखाएवढा तुकडा तसाच राहिला होता आणि त्याच्या शेजारून काळपट वाट पडली होती. पृष्ठभाग काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करून घेतला, नवे गॅस्केट टाकले आणि बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळले. त्यानंतर गाडी भरून घाट चढली आणि उतरली. टाकीभोवती ओल नाही, पातळी खुणेवर आहे. इंजिनच्या हेडला हात लावावा लागला नाही.

दोन शंका उरल्या आहेत. मिस्त्री म्हणतात की हजार किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. ते आवश्यक आहे का? आणि गरम होण्याच्या काळात कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता, तो अजून बसवलेला नाही. काटा स्थिर असताना तो बसवण्याची गरज आहे का?

बोअरवाला

बोल्टबद्दल सरसकट उत्तर देता येत नाही आणि देऊही नये. जुन्या इंजिनांत हेड पुन्हा आवळण्याची पद्धत होती आणि तेथे ती योग्य आहे. परंतु ज्या इंजिनांत बोल्टला आधी ठरावीक टॉर्क आणि नंतर ९० अंशांसारखा ठरावीक कोन देऊन आवळतात, तेथे बोल्ट मुद्दाम ताणलेला असतो. त्याला नंतर पुन्हा पाना लावला तर ताण बिघडतो, क्वचित बोल्ट तुटतोही. आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दुसऱ्यांदा आवळण्याचा उल्लेख असेल तरच आवळावेत, आणि तेही त्यात दिलेल्या क्रमाने. उल्लेख नसेल तर मिस्त्रींचा आग्रह प्रेमाने नाकारावा.

थर्मोस्टॅट मात्र बसवावाच. तो नसल्याने इंजिन थंड राहते हा समज अर्धाच खरा आहे. अनेक ट्रकच्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच परत इंजिनात फिरतो. मग रिकामी गाडी थंड आणि भरलेली गाडी भर उन्हात गरम, असा विचित्र प्रकार होतो. शिवाय इंजिन पुरेसे न तापल्याने रिंगा आणि लायनर नीट बसत नाहीत, न जळालेले डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते. नवे लायनर टाकलेल्या इंजिनात हे अधिकच वाईट. थर्मोस्टॅट बसवताना त्यावर बारीक हलणारी पिन असेल तर ती वरच्या अंगाला ठेवावी, हवा तेथूनच निघते.

कूलंट तयार मिश्रणाचे घ्यावे, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे. बोअरच्या जड पाण्याने लायनरच्या बाहेर क्षाराचा थर धरतो. आणि वेट लायनरला नुसत्या साध्या पाण्यावर चालवले तर बाहेरच्या अंगाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत पडत एक दिवस आरपार भोक पडते. कूलंटमधली रसायने ते रोखतात. काढलेले जुने कूलंट उघड्या गटारात किंवा अंगणात ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते पितात.

निवृत्त फोरमन

घाटकरी, निकाल कळवल्याबद्दल आभार. बहुतेक लोक काम झाले की इकडे फिरकत नाहीत. आपल्या मिस्त्रींनी नळ्या जोडून स्वतः खात्री करून घेतली, असा माणूस सोडू नका.

एक काम मात्र राहिले आहे आणि ते गळतीपेक्षा महत्त्वाचे आहे. फडक्यावर हिरवा डाग उमटला, याचा अर्थ कूलंट ब्रेकच्या हवेत गेलेले आहे. सर्व टाक्यांचे ड्रेन आळीपाळीने ओढून त्या पूर्ण कोरड्या होईपर्यंत रिकाम्या कराव्यात आणि काही दिवस रोज सकाळी फडके धरून पाहावे. गाडीला एअर ड्रायर असेल तर त्याचे कार्ट्रिज बदलावे. एकदा भिजलेले कार्ट्रिज ओल शोषत नाही. अनलोडर वॉल्व्ह आणि पायाखालचा ब्रेक वॉल्व्ह उघडून आतली रबरे फुगलेली किंवा चिकट झालेली नाहीत ना, हे ब्रेकचे काम करणाऱ्याकडून बघून घ्यावे. पॅडल सोडल्यावर हवा सुटायला नेहमीपेक्षा उशीर लागतो असे चालकाला जाणवले, तर ती तपासणी होईपर्यंत गाडी कुंभार्लीने खाली उतरवू नये.